सगळ्यांच्या आधी

अग्निशमन दलाचे साहेब चॅनेलच्या ऑफिसात आले तेव्हा ताईला वाटलं, सत्काराबित्काराचं काहीतरी असेल. तिने खुर्चीवरचं वायरींचं भेंडोळं उचलून जागा केली, चहा सांगितला. साहेब बसले, पण पाठ टेकली नाही.

"लाकडाच्या वखारीला आग लागली होती ना, त्याचं सगळं शूटिंग बघायचंय मला," ते म्हणाले. "तुम्ही टीव्हीवर दाखवलंत ते नको. काटछाट न केलेलं."

ताई या चॅनेलची बातम्यांची संपादक. चॅनेल म्हणजे चपलांच्या दुकानावरच्या दोन खोल्या, एक जिना आणि एक कायम बिघडलेला एसी. पण गावात त्याचा तोरा असा, की मोठमोठ्या चॅनेलांना कुणी हिंग लावून विचारत नसे. पाणी कधी येणार, कुठला रस्ता खणून ठेवलाय, कुणाला कुठल्या गटाचं रक्त हवंय, कुणाचे आजोबा घर विसरून भटकतायत, सगळं इथेच कळायचं. हरवलेलं पोर बातम्यांत दाखवलं, की बातम्या संपायच्या आत कुणीतरी त्याला हाताला धरून जिन्यात उभं असायचं. वीज गेली तरी लोक इथेच फोन करून विचारायचे, का गेली म्हणून. फोनवर बसणाऱ्या मावशी अख्ख्या गावाला आवाजावरून ओळखायच्या आणि निम्म्या गावाला आजाराची औषधंही सांगायच्या.

आणि कॅमेरामन होता ताईचा धाकटा भाऊ. लहानपणापासून एका जागी टिकत नाही म्हणून त्याचं नाव भिंगरी पडलं, ते ऑफिसातही चिकटलं. दोन कॉलेजं अर्धवट सोडून बसलेल्या भावासाठी ताईनेच मालकांकडे शब्द टाकला होता.

तिने शूटिंग लावलं. सुरुवातीला नुसती वखार. ओंडक्यांच्या एका थप्पीच्या कोपऱ्यात ओंजळभर जाळ. म्हातारा वॉचमन बादलीने पाणी मारतोय, पुन्हा नळाकडे पळतोय, पुन्हा येतोय. आसपास चिटपाखरू नाही. कॅमेरा मात्र जागच्या जागी, जराही हलत नाही. मग जाळ थप्पीवर चढला, शेजारच्या थप्पीला लागला, वॉचमन ओरडत आत धावला, आणि बऱ्याच वेळाने लांबून बंबाची घंटा ऐकू आली. हा सुरुवातीचा भाग ताईनेच कापला होता. रटाळ वाटला होता तिला.

वॉचमनचे दोन्ही हात भाजले होते. तो अजून हॉस्पिटलात होता. चॅनेलने त्याच्यासाठी आवाहन केलं, तेव्हा लोकांनी मदतीचा पाऊस पाडला होता.

"आग एवढीशी होती तेव्हा तुमचा माणूस तिथे हजर," साहेब म्हणाले. "आम्ही पोचलो तेव्हा वखार धडधडत होती. याच वेळचं नाही हे. त्याआधीच्या आगींचंही हेच. मी आरोप करत नाही, ताई. पण याला आधी कळतं कसं?"

"चौकशी करते," ताई म्हणाली.

"करा. तुम्ही केलीत तर बरं. नाहीतर मला पोलिसांकडे जावं लागेल."

साहेब गेले. चहा तसाच राहिला. भिंगरी बाहेरच्या खोलीत टेबलावर पाय सोडून लेन्स पुसत बसला होता.

"वखारीची बातमी तुला कुणी दिली रे?"

"आपले सोर्स असतात."

"कोण सोर्स?"

"सोर्सचं नाव सांगायचं नसतं. तूच शिकवलंस की." तो हसला, पण मान वर केली नाही.

ताईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. तसं बघितलं तर भाऊ मान खाली घालून हसला, यात काय मोठंसं? पण संशयाला निमित्त लागत नाही, जागा लागते, आणि ती साहेबांनी करून दिली होती.

दुसऱ्या दिवशी तो आंघोळीला गेल्यावर तिने त्याची बॅग उचकटली. सख्ख्या भावाची बॅग, चोरासारखी, पण उचकटली. आत लायटर निघाला. सिगारेट सोडली म्हणून आईची शपथ घेतलेल्या माणसाच्या बॅगेत लायटर! शिवाय एक फडकं, पेट्रोलचा वास मारणारं. स्कूटरची टाकी गळते, हे तिला ठाऊक होतं. गेलं वर्षभर घरातलं प्रत्येक फडकं त्याने त्या टाकीपायी वाया घालवलं होतं. तरीही तिने ते नाकाशी धरून दोनदा हुंगलं.

मग मागचं सगळं आठवायला लागलं. लहानपणी याने पलंगाखाली मेणबत्ती लावून गादी जाळली होती. तेव्हा सगळे हसले होते. आता ताईला ते हसणंही संशयास्पद वाटायला लागलं. त्या रात्री तिने घरातली काडेपेटी पिठाच्या डब्यामागे दडवली, आणि सकाळी चहा करायला स्वतःच ती शोधत बसली.

"माझं पोर बघ," आई जेवताना शेजारणीला फोनवर सांगत होती, "कुठे काही झालं की सगळ्यांच्या आधी पोचतं." ताईने हातातला घास ताटात परत ठेवला.

तेवढ्यात भिंगरीचा फोन वाजला. तो ताटावरून उठला, गॅलरीत गेला, दबक्या आवाजात काहीतरी बोलला आणि कॅमेरा घेऊन निघालासुद्धा. ताई खिडकीत जाऊन उभी राहिली. धूर दिसतो का म्हणून बराच वेळ आकाशाकडे बघत राहिली. तो परतला तो भिजून चिंब, फुटलेल्या पाइपलाइनचं शूटिंग घेऊन. ताईचा चक्क हिरमोड झाला. मग त्या हिरमोडाची तिला इतकी लाज वाटली, की तिने न बोलता त्याचं ताट पुन्हा गरम करून वाढलं.

पण जेवण अर्धवट टाकून तो उठला तेव्हा त्याच्या मोबाइलवर तिने एक गोष्ट पाहिली होती. नंबर ऑफिसचा होता. म्हणजे फोन मावशींचा. आता संशयाने कूस बदलली. मावशींचं आणि याचं काय गुळपीठ आहे? आणि तसं असेल, तर त्या साध्याभोळ्या मावशीही सामील? या विचाराने ताईला आणखीच वाईट वाटलं, कारण ऑफिसातल्या कुणाबद्दल वाईट विचार करायला मावशींइतकं अवघड माणूस नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारी तिने मावशींना सांगितलं, "आज निवांत जेवून या, फोन मी बघते." मावशींनी आश्चर्याने पाहिलं, पण डबा उचलला आणि आतल्या खोलीत गेल्या. भिंगरीही तिथेच कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्ज करत बसला होता.

पहिला फोन पाण्याचा. दुसरा एका बाईंचा, कुत्रं हरवल्याचा, कुत्र्याच्या स्वभावासकट. तिसऱ्या फोनवरची बाई धापा टाकत होती.

"मावशी ना? अहो, आमच्या बिल्डिंगमागच्या कापडाच्या गोदामातून धूर येतोय. गॅलरीतून स्पष्ट दिसतोय. पहिला फोन माझाच ना?"

"तुम्ही अग्निशमन दलाला कळवलंत का?" ताईने विचारलं.

"त्यांना कशाला? तुम्ही आहात ना! आम्ही नेहमी तुम्हालाच करतो. आणि पट्टीवर माझं नाव द्या हं. मागच्या वेळी खालच्या मजल्यावरच्या बाईंचं आलं, तेव्हापासून जिन्यात भेटली की मान ताठ करून जाते ती."

ताईने पत्ता घेतला आणि फोन ठेवला. तिचा जीव भांड्यात पडला. भाऊ आगी लावत नव्हता! तिला मोठ्याने हसावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. टीव्हीच्या पडद्याखाली रोज धावणारी ती पट्टी, 'तुमच्या भागात काही घडलं? पहिला फोन आम्हाला', तिनेच लिहिलेली. पहिला फोन करणाऱ्याचं नाव दाखवायची टूम मालकांची. दोन्ही इतक्या चालल्या, की गावाने त्या शब्दशः मनावर घेतल्या. आग विझवणाऱ्यांचा नंबर मात्र पडद्यावर कधी आलाच नव्हता.

तिने तो नंबर शोधला आणि रिसीव्हर उचलला. तेवढ्यात एक बोट येऊन फोनच्या खटक्यावर टेकलं. भिंगरी खांद्याला बॅग अडकवून उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"जरा थांब ना, ताई. मला निघू दे आधी. तिथे पोचलो की मीच त्यांना फोन करतो. नेहमी करतो."

"नेहमी?"

"म्हणजे एखादं चांगलं दृश्य मिळालं की. बंब आधी आला तर काय उरतं? चिखल आणि धूर. कोण बघणार ते? आणि दर वेळी विझतेच की आग."

 इतके दिवस लायटर आणि फडकी हुंगत ताई भलत्याच गोष्टीचा माग काढत होती. जे खरं होतं ते पेट्रोलने लावलेल्या आगीपेक्षा लहान होतं, आणि तरी त्यातच वॉचमनचे हात भाजले होते.

"बोट काढ," ती म्हणाली.

त्याने काढलं नाही, तेव्हा तिने ते स्वतः उचलून बाजूला केलं आणि फोन लावला. पत्ता दोनदा सांगितला. भिंगरी "गेली बातमी" म्हणत पाय आपटत जिना उतरला. मावशी आतून धावत आल्या, हातात अर्धी पोळी. "म्हणजे तो कळवत नव्हता?" त्यांनी विचारलं. "मालक म्हणाले होते, आधी त्याला सांगा, पुढचं तो बघेल. मला वाटायचं, बघतो." त्या मटकन खुर्चीत बसल्या.

गोदाम वाचलं. दाराजवळचे चार गठ्ठे जळले, बाकी कशाला झळ लागली नाही. भिंगरी खरंच चिखलाचं शूटिंग घेऊन आला. संध्याकाळच्या बातम्या संपता संपता साहेब जिना चढून वर आले, आणि या वेळी स्वतःच खुर्ची ओढून पाठ टेकून बसले.

"आज पहिल्यांदा तुमच्या ऑफिसातून फोन आला, तोही वेळेवर. माझ्या प्रश्नाचं काय झालं?"

"लोक आग दिसली की पहिला फोन आम्हाला करतात," ताई म्हणाली. "म्हणून याला आधी कळतं."

साहेब खो खो हसले. "धन्य आहे! आणि मी इथे पोराच्या नावाने काय काय मनात आणत होतो. म्हणजे आग काही हा लावत नाही."

"नाही."

"सुटलो बुवा. पोलिसांकडे जायचं माझ्याही जिवावर आलं होतं." त्यांनी भिंगरीच्या पाठीवर थाप मारली. "वॉचमन आज उठून बसला बरं का. तुमच्यामुळे त्याला मदत भरपूर मिळाली. हातांचं मात्र काही खरं नाही, असं डॉक्टर म्हणतात." आणि टोपी घेऊन ते उठले.

भिंगरीचा चेहरा उजळला होता. ताईच्या लक्षात आलं, इतके दिवस तोही घाबरलेला होता. आता फक्त गप्प बसायचं होतं. मूग गिळायचे, साहेबांना जिन्यापर्यंत पोचवायचं, उद्यापासून पट्टीवर नवा नंबर. भावाची नोकरी राहिली असती, आईचा अभिमान राहिला असता, आणि कुणी कधी काही विचारलं नसतं.

"साहेब, जरा बसा," ती म्हणाली.

"ताई," भिंगरी हळूच म्हणाला.

"वखारीचाही फोन आम्हाला आला होता. आग एवढीशी होती तेव्हाच. हा जाऊन उभा राहिला, आणि तुम्हाला कळवलं ते मनासारखं शूटिंग झाल्यावर. वॉचमन बादल्या मारत होता तेव्हा तुम्हाला काहीच माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं."

साहेब उभेच राहिले. मग त्यांनी टोपी टेबलावर ठेवली आणि सावकाश बसले. मावशींनी तोंडाला पदर लावला. भिंगरी ताईकडे असा बघत होता, जणू ती कुणी अनोळखी बाई आहे.

"सख्खी बहीण ना तू माझी?"

"आहे ना," ताई म्हणाली. "आठवडाभर तुझ्या पाठीमागे बॅगा धुंडाळल्या मी. आता जे आहे ते तुझ्या तोंडावर बोलतेय."