राजकन्येचा शेवटचा फर्मा

जुळणी करताना वाचायचं नाही, हा आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यातला पहिला नियम. छापून घडी घातलेला कागद म्हणजे फर्मा. फर्म्यांचे गठ्ठे टेबलाभोवती क्रमाने मांडायचे, फिरत फिरत एकेक उचलायचा आणि पाठीवरच्या काळ्या खुणा तेवढ्या बघायच्या. डोळा मजकुरात गेला की हात चुकलाच.

पण धाकट्या बहिणीचं ऐकेल तो दादा कसला? इंग्लंडमधल्या एका जुन्या कवीच्या पाच शोकांतिका त्याने नोकरी सांभाळून आपल्या भाषेत आणल्या होत्या. पहिली प्रत मीच जुळवणार म्हणून हटून बसला. टेबलाभोवती फिरताना ओळी पुटपुटत होता, मध्येच डोळे पुसत होता. मी म्हटलं, करू दे, एवढी हौस आहे तर. शिवून, पुठ्ठा चढवून प्रत हातात दिली, तशी तो ती थेट वहिनीसाठी घेऊन गेला.

वहिनीने त्याचं एकही नाटक कधी वाचलं नव्हतं. जन्मभर हॉस्पिटलात नर्स. दिवसभर माणसं मरताना बघायची आणि घरी येऊन पुन्हा राजेराण्यांची मढी कशाला मोजू, असं तिचं म्हणणं. दादा ते हसण्यावारी न्यायचा, पण मनाला लागायचंच. आता पाय प्लास्टरमध्ये घालून ती घरात अडकली होती आणि वाचते म्हणून स्वतःहून कबूल झाली होती.

बाकीच्या प्रती जुळवून झाल्या तेव्हा शेवटच्या नाटकाचा शेवटचा फर्मा एक उरला आणि दुसऱ्या एका नाटकाचा शेवटचा कमी पडला. नियम मोडून मी दोन्ही उघडून वाचले. दोन्हीकडे राजकन्या कैदेत, दोन्हीकडे दाराशी पहारेकरी, संवादाआधी नुसतं 'राजकन्या' छापलेलं. दादाने वाचत वाचत ओळीला ओळ जुळवली आणि चुकीचा गठ्ठा उचलला. शेवटच्या नाटकात तिचा शिरच्छेद होतो. चुकून घेतलेल्या फर्म्यात राजा मरतो, तिला मात्र माफी मिळते.

उरलेला फर्मा घेऊन मी तडक दादाचं घर गाठलं. वहिनी स्टुलावर पाय टाकून बसली होती, पुस्तक मांडीवर मिटलेलं. शेवटचं नाटक आधी वाचलं म्हणाली. पेशंटचं पुढे काय झालं ते आधी बघायची सवय. चेहरा असा खुललेला की काय सांगू. बाकीच्यांचं माहीत नाही, पण ही पोरगी जगली, तुमच्या दादाच्या हाताला यश आहे, असं मलाच ऐकवत होती. मागे दारात दादा उभा. तिचं बोलणं ऐकून चूक त्यालाही कळली होती आणि गप्प बस म्हणून तो मला डोळ्यांनी दटावत होता. इतक्या वर्षांत बायकोने पहिल्यांदा त्याचं कौतुक केलं होतं. मी फर्मा पाठीमागे लपवला.

शेवटी तोच पुढे आला.

"ती जगत नाही गं. फर्मा मी चुकवला. तिला मारतात."

वहिनीने पुस्तक मांडीवरून उचलून बाजूला ठेवलं. मला वाटलं, झालं, पुस्तक मिटलं ते कायमचंच. दादाचा चेहरा तर बघवत नव्हता.

"खरा शेवट आणलात का, वन्सं?"

मी फर्मा पुढे केला. दादा घाईघाईने म्हणाला, राहू दे, माझा काही हट्ट नाही.

"वॉर्डात मी कुणाला एकटं मरू दिलं नाही," वहिनी म्हणाली. "हिला का देऊ?"

तिने चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागली. दादा खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. राजकन्या वधमंचाच्या पायऱ्या चढत होती आणि माझ्या भावाच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू होतं.