पाचवं भोक

खण्.

दारामागच्या खिळ्यावर माझं बक्कल आपटलं आणि घरातली शांतता मोडली. मित्रांनो, या घरात नवरा-बायकोनं अबोला धरला होता. निरोप जायचे ते लेकीमार्फत. "ढब्बू, बाबांना सांग, जेवण वाढलंय." बाबा हातभर अंतरावर बसलेले असायचे. तरी ढब्बू मान वळवून इमानेइतबारे सांगायची.

मी एक जुना, जाड चामड्याचा कमरपट्टा आहे. देशोदेशीचे बलदंड लोक ज्या शर्यतींत दगडी गोळे उचलतात, तिथे माझा मालक उतरतो. आधीच सांगून ठेवतो, मी काही गोड स्वभावाचा नाही. इतकी वर्षं घाम पिऊन आणि गर्दीच्या आरोळ्या ऐकून कुणाचाही स्वभाव कडवट होईल.

एका म्हाताऱ्या कारागिरानं मला मेणाच्या दोऱ्यानं शिवलं आणि पाच भोकं पाडली. पाचवं पाडताना तो म्हणाला होता, हे वापरू नका. मग पाडलं कशाला, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

या खेळातली एक रीत तुम्हाला माहीत नसेल. एवढा मोठा गडी, पण स्वतःचा पट्टा स्वतः आवळत नाही. गोळा निसटू नये म्हणून हाताला राळ फासलेली असते, बोटं चिकटतात. दुसऱ्या कुणीतरी ओढावं लागतं. माझ्या मालकाची बायको ओढायची. त्याच्या मांडीला पाय रोवायची, "श्वास सोड" म्हणायची आणि चौथ्या भोकावर थांबायची. पाचव्यात श्वास मावत नाही, हे तिनं ओळखलं होतं. ढब्बूसुद्धा बाहुलीच्या पोटाला रुमाल बांधताना तिला दटावायची, श्वास सोड.

चषक आले. फोटो निघाले. फोटोत तो असायचा, चषक असायचा, मीही असायचो. ती नसायची, कारण फोटो तीच काढायची.

मालकाचा एक वैरी होता. दुसऱ्या देशाचा विजेता, सगळे त्याला पहाड म्हणायचे. दोघं एकमेकांना पाण्यात पाहायचे. गेल्या वर्षी तयारीच्या खोलीत पहाड सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पट्टा बायको आवळते. मग दगडही तिलाच उचलू दे की." खोली हसली. मालकानं त्या रागात शेवटचा गोळा हिसडा देऊन उचलला आणि त्याच्या पाठीत कळ गेली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर डावा पाय गमावशील.

तरी यंदा तो निघालाच. बायको समजावून थकली, भांडली, आणि शेवटी म्हणाली, "माझ्या हातानं मी तुला लुळा करणार नाही. पट्टा ओढायला दुसरं कुणी शोध."

"शोधतो," तो म्हणाला. अबोला सुरू झाला तो तिथून.

शोधलं मात्र त्यानं कुणालाच नाही. शर्यतीच्या दिवशी तयारीच्या खोलीत आयोजकांचा माणूस पुढे आला, त्यालाही हात लावू दिला नाही. मला भिंतीतल्या हुकाला अडकवून स्वतःच ओढत बसला. राळेची बोटं, मी दुसऱ्या भोकापुढे सरकेना. बाहेर त्याचं नाव पुकारलं गेलं.

तेव्हा पहाड उठला. "वळ," म्हणाला. "ढिल्या पट्ट्याला हरवलं असं लोकांनी म्हणायला नको. मला तू पुरता हरायला हवास."

त्यानं मला दोन्ही हातांनी असं खेचलं की माझा टाका न् टाका करकरला. त्याला काय ठाऊक चौथं आणि पाचवं. श्वास सोड म्हणायला कुणी नव्हतंच.

शेवटचा गोळा उंच ओट्यावर चढला. मालक पहिला आला, पहाड दुसरा. तुमच्यासारख्यांनी टाळ्या पिटल्या. मंचाच्या पायऱ्या उतरताना मालकाचा डावा पाय मागे राहत होता, ते कुणाला दिसलं नाही. मित्रांनो, म्हणूनच मला तुमचा राग येतो. तुम्ही चषकाकडे बघता, पायांकडे नाही. मालक मला तेल लावतो, सावलीत वाळवतो, घडी पडू देत नाही. चामड्याची एवढी निगा राखणाऱ्याला स्वतःच्या अंगाची निगा राखता येऊ नये? ओढणारे हात पुष्कळ मिळतात. कुठे थांबायचं ते कळणारा हात मिळाला, तर तो दुखवू नका.

तर आज तो घरी आला. चषक टेबलावर ठेवला, मला खिळ्याला टांगलं आणि भिंत धरत आतल्या खोलीत गेला. एक पाऊल वाजत होतं, दुसरं घासत होतं.

ती स्वयंपाकघरातून आली. चषकाकडे तिनं पाहिलंही नाही. मला खिळ्यावरून उतरवलं आणि चौथ्या भोकावरून अंगठा फिरवला. तिथली मऊ, जुनी वळी तिच्याच हातची. अंगठा पुढे सरकला आणि पाचव्यावर थबकला. तिथलं चामडं तडकलं होतं, नवं कोरं. ती तशीच मला कुशीत धरून खाली बसली.

ढब्बू बाहुली घेऊन जवळ आली. तिनंही त्या भोकात बोट घालून पाहिलं.

"आई, तू तर घरीच होतीस," ती म्हणाली. "मग बाबांना श्वास सोड कोण म्हणालं?"