बादलीवरच्या आठ सह्या

मित्रांनो, मला जवळ घेऊन हुंगलंत तर अजून सिरक्याचा वास येईल. संघातल्या मुली त्यावरून मला खूप हसायच्या. मी एक जुनी प्लास्टिकची बादली आहे. अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका खाणावळीत माझ्यात मुरवलेल्या काकड्या असत. त्या संपल्या आणि माझी कचऱ्यात जायची वेळ आली, तेवढ्यात व्हर्ना टिडवेल नावाच्या एका उंच, रापलेल्या बाईने मला मागून घेतलं. गावातल्या छोट्या कॉलेजने त्याच आठवड्यात तिला सॉफ्टबॉल संघाची मुख्य प्रशिक्षक नेमलं होतं. तिला चेंडू ठेवायला काहीतरी हवं होतं आणि बसायलाही. माझ्या झाकणावर तिने जुन्या सोफ्याचा स्पंज चिकटवला आणि माझं भाग्य उजळलं, असं मला तरी तेव्हा वाटलं.

मुख्य प्रशिक्षक म्हणजे मोठा थाट असेल असं समजू नका. मैदानाचं गवत तीच कापायची, चुन्याच्या रेघा तीच मारायची, संघाची गाडी तीच चालवायची. मुलींच्या मातीने माखलेल्या पँटी धुवायलाही तीच. आणि रोज दुपारी माझ्यावर बसून पिचरचे, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या मुलीचे, शेकडो चेंडू झेलायची. चेंडू हातमोज्यात आदळला की हादरा माझ्या बुडापर्यंत यायचा.

तिची एका गोष्टीवर पक्की श्रद्धा होती. ती मुलींना सांगायची, "अगं, वरून फेकणाऱ्याचा हात झिजतो. आपण खालून टाकतो. खालून टाकल्याने हाताला काही होत नाही." या खेळातली सगळीच जुनी माणसं तसं म्हणत. म्हणून चांगली पिचर मिळाली की शनिवारचे दोन सामने तिचे आणि रविवारचे दोनही तिचेच.

मला मात्र वेगळंच कळत होतं. मला उचलणारा हात मी ओळखते. फेब्रुवारीत पिचर मला उजव्या हाताने उचलायची. एप्रिल आला की हात बदलायचा. व्हर्ना विचारायची, "हात कसा आहे?" उत्तर ठरलेलं असायचं, "ठीक आहे, कोच." तिचं समाधान व्हायचं. मला भीती वाटायची, पण बादलीचं कोण ऐकतं?

आमच्याकडे एक रीत होती. शेवटच्या वर्षाची पिचर घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना संपला की जाड पेनाने माझ्यावर सही करायची. वीस वर्षांत सात सह्या झाल्या, सगळ्या वेड्यावाकड्या. व्हर्ना हसायची, "पिचरच्या नशिबात अक्षरच नाही बघ. कोंबडी नाचून गेलीय नुसती."

मग टेसा लिंडक्विस्ट आली. तिचं अक्षर मोत्यासारखं. पंचांना द्यायची खेळाडूंची यादी व्हर्ना तिच्याकडूनच लिहून घ्यायची. तिच्या शेवटच्या वर्षी आमचा संघ पहिल्यांदाच राष्ट्रीय स्पर्धेच्या उंबरठ्यावर पोचला. रविवारचे दोन्ही सामने जिंकले की झालं. व्हर्नाने वीस वर्षं याच दिवसाची वाट पाहिली होती. आणि टेसा एप्रिलपासून मला डाव्या हाताने उचलत होती.

त्या रविवारी आमच्या मैदानावर वारा पडला होता. पश्चिमेचं आभाळ मोठ्या वादळाआधी होतं तसं हिरवट झालं होतं आणि प्रेक्षक सारखे तिकडे बघत होते. पहिला सामना जिंकल्यावर व्हर्नाने विचारलं, "हात कसा आहे?"

"ठीक आहे, कोच."

दुसरा सामनाही टेसानेच जिंकून दिला. मुली नाचल्या, रडल्या. मग टेसाने पेन घेतलं आणि माझ्यावर आठवी सही केली, तीही वेडीवाकडी. व्हर्ना वाकून हसली. "झालं, हिलाही लागण..." आणि ती थांबली. टेसाने सकाळी लिहिलेल्या यादीची प्रत तिच्या खिशातच होती. ती काढून तिने माझ्यावरच्या सहीशेजारी धरली.

"उजव्या हाताने लिही."

"असू द्या ना कोच. एक सही तर आहे."

"लिही म्हटलं ना."

टेसाने उजव्या हातात पेन धरलं. ते बोटांतून निसटून खेळाडूंच्या बाकाखालच्या फरशीवर वाजलं, तेव्हा कुठे तिला पडल्याचं कळलं.

"मुंग्या येतात फक्त," ती म्हणाली. "सकाळपर्यंत जातात. रोज जातात."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला बाहेर बसवलं असतं, कोच."

व्हर्नाने मला हळूहळू फिरवलं आणि बाकीची सात नावं वाचली.

त्या आठवड्यात तिने त्या सातही जणींना फोन लावले. माझ्यावर बसूनच लावले, म्हणून मी ऐकलं. चौथी म्हणाली, "मुलीची वेणी घालायला जमत नाही मला, कोच. पण ते तुम्हाला काय सांगणार? तुम्ही किती जीव लावायचात." फोन ठेवल्यावर व्हर्ना खूप वेळ रडली.

राष्ट्रीय स्पर्धेत तिने टेसाला खेळवलं नाही. आम्ही दोन्ही सामने सपाटून हरलो. गावाने तोंडं फिरवली, कॉलेजने नवीन माणूस शोधला. जाताना व्हर्नाने नव्या कोचला सगळं समजावून सांगितलं. नवी कोच हॉली तरुण आहे, मायाळू आहे. तिने मान डोलावली आणि माझ्यावरच्या सह्यांचा फोटो काढला. "किती गोड रीत आहे," ती म्हणाली.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणी "ठीक आहे" म्हणालं, तर त्याच्या तोंडाकडे बघून पुढे जाऊ नका. त्याचे हात बघा.

आज दुपारी हॉलीने तिच्या नव्या पिचरला विचारलं, "हात कसा आहे?"

"ठीक आहे, कोच," ती मुलगी म्हणाली आणि तिने मला उचललं.

डाव्या हाताने.