मगाने ओतलेली हवा

फ्रिज टक् करून सुरू झाला आणि दुपारच्या शांत घराला जाग आली. सोहमने कूस बदलली, पण उठला नाही. मी रोखलेला श्वास सोडला आणि वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट पुढे ओढला. तो झोपलाय तोवरच माझं लिहिणं. सगळं भरून झालंय, एकच रकाना कालपासून अडलाय.

खाडीकाठच्या हॅचरीत हरिश्चंद्रकाका कोळंबीचं बीज वाढवतात. पापणीच्या केसाएवढे जीव. टाक्यांच्या चार ओळी, आणि प्रत्येक ओळीला हवा देणारा एकेक ब्लोअर. हवा थांबली की बीज गुदमरतं, म्हणून तिथली वीज कधी बंद करतच नाहीत. नवीन वायरिंग तपासून सही करायला काकांनी काल मला बोलावलं होतं. तुझ्या बाबांनी माझ्या घरात वायरी ओढल्या, आता तू ये, सही कर आणि चहा पिऊन जा, असं फोनवर म्हणाले. जणू सही चहाबरोबरच मिळते.

मी मीटर काढत होते तेवढ्यात मरियम जवळ आली. ती टाक्यांवर कामाला आहे. तिची निदा आणि माझा सोहम एकाच बालवाडीत. तिसऱ्या ओळीत हात घातला की मुंग्या येतात, असं हळूच म्हणाली. काकांनी ते ऐकलं. खारं पाणी बोटांच्या चिरांना झोंबतं गो, दुसरं काय, म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं. पण वीज कुठे गळू लागली की आपोआप तोडणारा ईएलसीबी त्या ओळीवरून कुणीतरी काढूनच ठेवला होता. सारखा पडायचा म्हणे.

मरियमला मी पाण्यापासून लांब राहायला सांगितलं. वीज चालू ठेवून जेवढं बघता येतं तेवढं बघितलं. वायरींभोवती क्लॅम्प मीटर धरला. गेलेली वीज सगळी परत आली तर तो शून्य दाखवतो. बाकीच्या ओळी ठीक होत्या. तिसरीत वीज गळत होती. नेमकी कुठे, ते वायरीचं आवरण शाबूत आहे का हे दाखवणारा मेगर लावल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि मेगर लावायचा तर ती ओळ बंद करायला हवी.

"बंद नाही करायची," काका म्हणाले. "सगळ्या हंगामाचं बीज आहे माझं. तू सही कर, टाक्या रिकाम्या झाल्या की सावकाश बघ."

"तोवर पाण्यात हात कुणाचा असणार, काका?"

काका कुरकुरत सांगू लागले, की गेल्या पावसात जनरेटर रुसला तेव्हा बायकांनी मगाने पाणी उंचावरून ओतून ओतून बीज कसं जगवलं, कसे हाल झाले. बोलता बोलता स्वतःच थांबले. माझ्याकडे बघितलं.

"एकच ओळ ना?"

"एका वेळी एकच."

"काका, तुम्हीही हातात मग घ्या," मरियम म्हणाली. "नुसते उभे राहून मोजू नका."

मी तिसरी ओळ बंद केली, स्विचला माझं कुलूप घातलं, वीज गेल्याची खात्री केली. ब्लोअरची घरघर थांबली आणि मगांतून पाणी पडू लागलं. सोहम लहान असताना त्याला न्हाऊ घालायचे तेव्हा न्हाणीत असाच आवाज व्हायचा. काका पँट दुमडून ओतत होते. मी टाकीखाली सरपटले. मेगरचा काटा शून्यावरून हलेना, म्हणजे बिघाड इथेच. शेवटी सापडला तो सांधा, टेप गुंडाळून खाऱ्या ओलीत सोडलेला. तो काढला, टाकीपर्यंत अखंड नवी वायर ओढली, पुन्हा मेगर लावला. काटा सरळ वर गेला. ईएलसीबी जागेवर बसवला, वीज दिली. तो पडला नाही.

मीटरने पाणी तपासल्यावरच मरियमला बोलावलं. तिने आधी बोट घातलं, मग हात.

"काहीच नाही हो, ताई," ती म्हणाली, आणि हात तसाच पाण्यात राहू दिला. बीज तिच्या बोटांतून फिरत होतं.

बाकीच्या ओळीही तशाच एकेक करून झाल्या. काकांचे हात सगळ्यांत आधी दुखले, त्यावरून बायकांनी त्यांना पुष्कळ ऐकवलं. राहिली बाहेरून येणारी मुख्य केबल. ती बंद केली की चारही ओळी बंद, आणि तेवढे हात नव्हते. क्लॅम्प मीटरने तिच्यात गळती दाखवली नाही, पण मेगर लागला नाही तो नाहीच. तिथेही 'ठीक' लिही, असं काकांनी एकदा म्हणून बघितलं. टाक्या रिकाम्या होतील त्या दिवशी येते, मी म्हटलं.

"ये," ते म्हणाले. "चहा पण तेव्हाच पी."

अडलेल्या रकान्यात मी आता लिहिलं: वीज बंद करता आली नाही, मेगरने तपासली नाही. खाली सही केली. मान वर केली तर सोहम उठून, गादीच्या वळ्या गालावर घेऊन, माझ्या खांद्याशी उभा.

"काल तू सांगितलंस त्या मुंग्या निदाच्या आईला अजून येतात?"

"नाही रे, राजा. तिथली वायर बदलली."

त्याने बोट शेवटच्या रकान्यावर ठेवलं. "इथे काय लिहिलंस?"

"ही वायर मी अजून तपासली नाही, असं लिहिलं."

बोट न उचलता त्याने विचारलं,

"मग आत्ता ती चांगली आहे का बिघडलेली?"