बुडाला भोक असलेले गाडगे धबधब्यावर जाते

मित्रांनो, मी रहाटाचे एक जुने गाडगे आहे आणि माझ्या बुडाला भोक आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. नाहीतर तुम्ही प्रेमाने मला मांडीवर घ्याल आणि मग कपडे भिजले म्हणून मलाच बोल लावाल.

सोपाऱ्याच्या एका कुंभाराने मला घडवले. पोट छान गोल झाले, काठ नीट बसला, आणि मग त्याने एक काडी घेऊन माझ्या बुडाला भोक पाडले. मला वाटले, माझे काहीतरी चुकले. शेजारी पाहिले तर सगळ्याच भावंडांना भोक! तेवढाच धीर आला.

भोकाचे कारण मला वटार गावी कळले. तिथे बर्नार्डची केळीची आणि पानवेलीची वाडी होती. विहिरीवर मोठे लाकडी चाक, चाकावर दोरांची लांब माळ आणि माळेला बांधलेली आम्ही गाडगी. बैल गोल फिरला की चाक फिरायचे. आम्ही रिकामी खाली जायचो, भरून वर यायचो, पन्हळीत पाणी ओतायचो आणि पुन्हा खाली. बैल थांबला की भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने चाक उलटे फिरू नये, म्हणून ते भोक. पाणी आपले आपण गळून जायचे. म्हणजे तो आमचा दोष नव्हता, ते आमचे शिक्षण होते.

देश स्वतंत्र झाला तेव्हा मी विहिरीच्या तळाशी होते. वर आले तर शाळेचे मास्तर मुलांना झेंडे वाटत होते. मी पाणी ओतले आणि परत खाली गेले.

बैल हाकायची बर्नार्डची बायको मटिल्डा. बर्नार्ड पहाटेपासून वाडीत राबायचा आणि दुपारी जेवून पडवीत आडवा व्हायचा. त्याने रहाटाच्या आसाला कधी तेल घातले नाही. शेजारी त्याला चिक्कू म्हणत. तसा तो चिक्कू होताच, पण तेल न घालण्याचे कारण वेगळे होते. आसाची करकर चालू असली की बैल चालतो आहे हे त्याला झोपेतही कळायचे. करकर थांबली की त्याचा डोळा उघडायचा आणि तो पडवीतून ओरडायचा,

"मटिल्डा गो, बैल थांबला!"

"बैल नाय थांबला, मी थांबवलाय. पानी पिते. झोप मुकाट्यानं!"

की हा परत घोरायला लागायचा. रोज हाच सवाल, रोज हाच जवाब. आम्हा सगळ्या गाडग्यांना तो पाठ होता. पाहुणे आले की केळीचे कौतुक करत, पानांचे कौतुक करत. आमच्याकडे कोणी बघतसुद्धा नसे. मटिल्डा मात्र एखादे गाडगे फुटले की कपाळाला हात लावून क्रूसाची खूण करायची. एवढा मान आम्हाला पुरत होता.

मग एका पावसाळ्यात मटिल्डा तापाने गेली.

बैल हाकायला कोणी उरले नाही. मुलगा क्लेमेंट शाळेत मास्तर होता. त्याने शहाण्या माणसासारखा विचार केला आणि विहिरीवर तेलावर चालणारे इंजिन आणले. ते इंजिन बैलाचे दिवसभराचे काम तासाभरात उरकायचे आणि उरलेला दिवस गप्प बसून राहायचे. रहाट मोडून त्याची लाकडे चुलीत गेली. माझी भावंडे कुठे कुठे गेली. एकात कोणी तरी कोरफड लावली, काहींच्या खापऱ्यांवर मुलींनी लंगडी घातली. मी पडवीच्या कोपऱ्यात पडून राहिले. मित्रांनो, ज्याने सगळे आयुष्य माळेत काढले, त्याला कोपरा फार मोठा वाटतो.

त्या पडवीत आम्ही दोघेच. मी आणि बर्नार्ड. तो दुपारी आडवा व्हायचा आणि छपराकडे बघत राहायचा. रात्री काय करायचा ते छपरालाच ठाऊक. झोप म्हणून नाही. डॉक्टरांनी लाल औषध दिले. त्याने तोंड लाल झाले. फादरनी सांगितले, अंथरुणात पडल्या पडल्या रोजरी म्हणा, माळेचे मणी ओढता ओढता आपोआप डोळा लागेल. बर्नार्डने अख्खी रोजरी म्हटली, मग शेजाऱ्यांची म्हटली. पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्याच्या अंगावरचा सदरा खुंटीवर अडकवल्यासारखा दिसू लागला. डॉक्टरांनी क्लेमेंटला बाजूला घेऊन सांगितले की माणूस असा फार दिवस काढत नाही. बाजूला म्हणजे माझ्या शेजारी, म्हणून मला कळले.

"बाबांना जरा हवापालट करू," सून लिडिया म्हणाली. "कामणच्या रानात मोठा धबधबा आहे म्हणतात."

लिडिया शहरात, माझगावला वाढलेली. मनाने चांगली, पण तिने गाडगे पाहिले होते, रहाटाचे गाडगे पाहिले नव्हते. मातीच्या भांड्यात पाणी गार राहते म्हणून तिने मला घासले, वरपर्यंत भरले आणि मांडीवर घेऊन निघाली. भिवंडीला केळी पोचवणारा सॅन्टन आम्हाला लॉरीतून कामणला सोडणार होता आणि परतताना घेणार होता.

बोळिंज गाव ओलांडायच्या आत लिडियाच्या साडीतून पाणी गळायला लागले. सॅन्टनने खाली बघितले.

"बाय, मांडीवर पोर घेतलंय काय?"

लिडिया लाजेने लाल झाली. आणि बर्नार्ड हसला! मटिल्डा गेल्यापासून तो पहिल्यांदाच हसला.

"त्याला भोक हाय गो. भोक नसतं तर त्याला रहाटावर कोनी घेतलं असतं?"

भाद्रपद सरत आला होता. रानात सागाची पाने छत्रीएवढी झाली होती, वाटेच्या दोन्ही बाजूंना तेरडा फुलला होता आणि दगडांवरून पाय घसरत होते. क्लेमेंट बापाचा हात धरून पुढे, मागे मला काखेत घेऊन लिडिया. एका वळणानंतर पाण्याचा अखंड आवाज आला, आणि त्याच्यामागून धबधबा दिसला. काळ्या कड्यावरून पांढरे पाणी एकसारखे खाली येत होते.

मी तुम्हाला खरे सांगते, मला त्याचा राग आला. आम्ही जन्मभर थेंब थेंब वर चढवला, आणि इथे कोणीतरी सगळे खाली टाकून देत होते.

बर्नार्डही मान वर करून कडा न्याहाळत होता.

"क्लेमेंट, वर कोन हाय रे?"

"कोणी नाही, बाबा."

"मग पानी वर चढवतो कोन?"

"पावसाचं पाणी ते. डोंगरात मुरतं, तिथून पडतं."

"म्हंजे बैल नाय?"

"नाही."

"रात्रीपन पडतं?"

"रात्रीही."

"रविवारी? चर्चमधल्या मिसाच्या टायमाला?"

"बाबा, त्याला सुट्टी नाही."

बर्नार्डने मान हलवली. धर्माच्या दृष्टीने त्याला हे पसंत नसावे. मग तो एका सपाट खडकावर बसला. लिडियाने पाव आणि उकडलेली अंडी काढली. त्याने अर्धे अंडे खाल्ले. मला त्याने कड्याच्या पायथ्याशी, एका बारीक धारेखाली ठेवले, सवयीने, तोंड नीट वर करून. जन्मभर मी पाण्याकडे गेले होते. आज पाणी माझ्याकडे येत होते. वरून भरत होते आणि खालून गळत होते. मी बाजूला बघितले. माळ नव्हती, भावंडे नव्हती. एवढ्या पाण्यात मी एकटेच भरत होते.

परत बघितले तर बर्नार्ड खडकावर आडवा झालेला.

तास गेला, दोन गेले. तो हलेना. लिडियाने घाबरून त्याच्या नाकापाशी हात धरला, आणि तेवढ्यात बर्नार्ड घोरला. ती दचकून पाण्यात बसली. क्लेमेंट म्हणाला, "उठवू नको," आणि दोघे तेरड्याच्या कडेला बसून राहिले. माकडे येऊन उरलेला पाव घेऊन गेली. कोणी हटकले नाही.

ऊन उतरले तशी खालून सॅन्टनच्या लॉरीचा भोंगा वाजू लागला. बर्नार्ड काही जागा होईना. शेवटी क्लेमेंटने बापाला पाठुंगळी घेतले. वजन ते काय राहिले होते! लिडियाने मला उचलले. वाट उतरू लागली. मागे धबधबा चालूच होता. मग ते वळण आले, कडा आड गेला आणि आवाज एकाएकी थांबला.

बर्नार्डने डोळे उघडले.

"मटिल्डा गो, बैल थांबला!"

क्लेमेंट जागच्या जागी उभा राहिला. पाठीवर बाप, समोर रान. जवाब मला पाठ होता. पण गाडग्याला तोंड असते, बोलता येत नाही. बर्नार्ड रानाकडे बघून म्हणाला, "उतरव मला," आणि स्वतःच्या पायांनी चालू लागला. लॉरीत क्लेमेंट एकच वाक्य बोलला, "लिडिया, मी रहाटाबरोबर बाबांची झोप पण मोडली गो."

घरी आल्यावर लिडियाने मला कोपऱ्यात ठेवले नाही. पडवीच्या वाशाला दोरी बांधून टांगले आणि खाली तांब्याचे घंगाळ ठेवले. रोज दुपारी ती मला भरते. माझ्या भोकातून थेंब गळतात, घंगाळ वाजत राहते, आणि बर्नार्ड झोपतो. मी रिकामे झाले की त्याचा डोळा उघडतो. तो तेच ओरडतो. लिडियाला जवाब ठाऊक नाही, आणि मटिल्डाचा जवाब द्यायचा तिचा हक्कही नाही, हे तिला कळते. ती तांब्या आणते आणि मला परत भरते.

मित्रांनो, माझे भोक आता मोठे होत चालले आहे. एक दिवस मी भरण्याआधीच रिकामे होईन. तेव्हा माझ्याबद्दल हळहळू नका. पण तुमच्या घरात कोणी म्हातारे माणूस छपराकडे बघत पडले असेल, तर औषध आणायच्या आधी त्याच्या उशाशी बसा आणि विचारा, तुमच्या कानातला कुठला आवाज थांबला?