नोंदवहीतले हरवलेले पाणी

मी एक जुनी नोंदवही आहे, लष्कराच्या पाण्याच्या टँकरची. माझा पुठ्ठा सुटला आहे, कडा उंदरांनी चाखल्या आहेत, आणि मित्रांनो, खरे सांगते, मी फार भित्री आहे. पोटात खोटे बाळगणाऱ्याने भित्रे नसावे तर काय असावे?

छापखान्यात माझ्या प्रत्येक पानावर रकाने पाडले गेले: तारीख, सोबत कोण, भरलेले पाणी, उतरवलेले पाणी, रस्त्याची स्थिती. मग समुद्र ओलांडून मी परक्या देशात गेले. तिथे दोन गटांच्या भांडणात आमचे सैनिक शांतता राखायला उभे होते. विहिरीवरून छावणीत रोज पाणी न्यायचे, एवढेच आमच्या टँकरचे काम. ड्रायव्हर नाकासमोर चालणारा. शेजारी गाडीची दुरुस्ती करणारा मिस्त्री बसे, वयाने मोठा आणि भारी थट्टेखोर. "बायकोलासुद्धा इतकं जपत नसशील," असे तो माझ्याकडे बघून ड्रायव्हरला म्हणे.

टेकडीवरून गोळ्या येत. टाकीला भोके पडत. मिस्त्री टँकरच्या पायरीवर उतरून चिंध्या गुंडाळलेल्या लाकडी खुंट्या त्यांत ठोकी. तरीही ड्रायव्हर शेवटच्या रकान्यात लिही, 'रस्ता ठीक'. गोळीबार लिहिला तर टँकर बंद होईल आणि छावणी तहानेने तडफडेल, हे त्याला ठाऊक होते. साहेब न वाचता सही करीत. वर सगळ्यांत नीटनेटकी वही म्हणून माझे कौतुकही झाले.

एके दिवशी गोळ्यांचा जोर वाढला. मिस्त्री पायरीवर असतानाच ड्रायव्हरने घाबरून गाडी दामटली. मिस्त्री खाली पडला, त्याचे डोके दगडावर आपटले आणि तो गेला. ड्रायव्हरने माझ्यावर लिहिले: 'रस्ता ठीक. मिस्त्री तोल जाऊन पडला.'

मोहीम संपली. टँकर तिथेच भंगारात गेला आणि मी ड्रायव्हरच्या ट्रंकेत. तीस वर्षे मला कोणी उघडले नाही. मग बातमी आली, की त्या विसरलेल्या मोहिमेत जिवावर उदार होऊन राबलेल्यांना पदक मिळणार, मात्र पुरावा हवा. मिस्त्रीच्या बहिणीचा अर्ज तर 'अपघाती मृत्यू' असा शेरा घेऊन परत आला होता. ती ड्रायव्हरकडे आली.

"दादा, तुमच्याकडे एखादा कागद असेल ना?"

त्याच्या तोंडचे पाणी पळाले, आणि माझ्याही. मला बाहेर काढणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. पण तिला नाही म्हणायला त्याची जीभ उचलेना. तो मला घेऊन तिच्याबरोबर पदकांच्या कार्यालयात गेला.

तिथल्या अधिकारी बाई माझी पाने उलटू लागल्या.

"इथे तर रोज रस्ता ठीक आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांचे बोट मधल्या रकान्यांवर थांबले. "पाच हजार लिटर भरलं, तीन हजार उतरवलं. बाकीचं पाणी कुठे गेलं? विकलंत?"

आता चोरीचाही आळ येणार, या विचाराने माझी पाने गार पडली.

"टाकीला भोकं पडायची," ड्रायव्हर पुटपुटला.

"कशानं?"

"गोळ्यांनी. मी खोटं लिहिलं, बाई." मग बहिणीकडे न बघता तो म्हणाला, "तो तोल जाऊन नाही पडला, ताई. भोकं बुजवत होता. मी घाबरून गाडी पळवली."

बाईंनी कोरा कागद पुढे सरकवला. "हे सगळं लिहून सही करा. खोट्या नोंदीबद्दल तुमच्यावर कारवाई होऊ शकते, आधीच सांगते."

तो लिहू लागला. बहीण त्या कागदाकडे एकटक बघत होती. ती त्याला शिव्याशाप देईल, मला टराटरा फाडेल, काय काय माझ्या मनात आले.

"त्या दिवशी पाणी पोचलं का?" तिने विचारले.

"पोचलं. अर्धं पोचलं."

"मग तेही लिहा."

मित्रांनो, आता मी त्या कार्यालयाच्या कपाटात आहे. निकाल अजून लागलेला नाही. वाळवी, ओल आणि आवराआवर यांची मला रोज धास्ती वाटते, कारण वाहून गेलेल्या पाण्याचा पुरावा फक्त माझ्या रकान्यांत आहे; मी रद्दीत गेले तर मिस्त्री पुन्हा नुसता तोल जाऊन पडलेला ठरेल. तुमच्या घरी अशी एखादी जुनी वही असेल, तर टाकण्याआधी उघडून बघा. आकडे जुळत नसतील, तर लिहिणाऱ्याच्या जवळ बसून विचारा. तो आहे तोवरच विचारा.