होडीचा गाडा

आप्पाजीनं चाकाखालची पाचर बुटाच्या टाचेनं आणखी आत सारली, गाडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला, आणि तो तसूभरही सरकला नाही तेव्हा कुणी बघतंय का म्हणून मान वर केली. कुणी बघत नव्हतं. सगळ्यांचे डोळे तलावाकडे लागले होते.

हलसूरच्या तलावावर त्या रविवारी वाराही कसा हवा तसा मिळाला होता. होडीत विद्याधर सुकाणूपाशी, त्याची बायको नयना पुढच्या टोकाला, आणि मधे, डोक्यावरचा पदर उडू नये म्हणून दातांत धरलेली, आप्पाजीची तानूबाई. पदर दातांत असूनही ती हसत होती. पाण्यावरून आवाज लांबवर येतो. इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढ्या मोठ्यानं हसलेली आप्पाजीनं ऐकली नव्हती.

विद्याधर मुंबईचा. सरकारी कारखान्यात इंजिनिअर म्हणून बंगळुरात आला तो राजाजीनगरात आप्पाजीच्या भिंतीला भिंत लावून राहिला. आप्पाजी त्याच कारखान्यात फिटर. पण त्याचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इथं आलेले, त्यामुळे गावावर हक्क कुणाचा हे त्याच्या मनात पक्कं होतं. विद्याधरनं ओसरीवर वर्षभर खपून होडी बांधली आणि अख्खी गल्ली ती बघायला लोटली. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं, की ही तलावावर न्यायची कशी आणि पाण्यातून वर काढायची कशी? तेव्हा आप्पाजीची आठवण झाली.

गाडा आप्पाजीनं केला. भंगारबाजारातून मोडक्या जीपचा आस आणला, लोखंडी पट्ट्या कापून सांगाडा जोडला, होडीचं पोट टेकेल तिथं जुन्या टायरचे तुकडे ठोकले. काम असं चोख की बैलासारखा वर्षानुवर्षं राबला असता. पण होडी बघायला येणारी माणसं गाड्याला अडखळून पुढं जात. तानूबाईसुद्धा. "स्वल्प बाजूला घ्या हो तुमचं ते," असं म्हणून ती चहाचे पेले घेऊन होडीकडे गेली. तुमचं ते! आप्पाजीला त्या रात्री जेवण गोड लागलं नाही. हेवा वाईट, हे त्यालाही कळत होतं. पण कळून वळत नाही तो हेवा.

एकदाच काय ती त्याची सरशी झाली होती. विद्याधर अंगणात उभा राहून "होडी अशी चढवू, होडी तशी फिरवू" असं सांगत होता, तेव्हा आप्पाजी म्हणाला,

"तलावावर होडी होडी करू नका बरं का. कन्नडात होडी म्हणजे मार. माणसं खरंच हाणतील."

"बाप रे! मग म्हणू काय?"

"बोट म्हणा. सरी?"

"सरी!" विद्याधर दिलखुलास हसला. तानूबाईही हसली आणि हसता हसता तिनं आप्पाजीकडे पाहिलं. त्या एका नजरेवर आप्पाजीचे पुढचे दोन दिवस मजेत गेले.

होडी काठाला लागली. विद्याधरनं गुडघाभर पाण्यात उडी मारली आणि तानूबाईला उतरायला हात दिला. तिनं तो धरला. आप्पाजी दोराची गाठ बघू लागला. गाठीत बघण्यासारखं काही नव्हतं.

"काय मजा आली हो!" तानूबाई त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती पाण्याकडेच. "तुम्ही का नाही बसलात?"

"मला इथं कामं थोडी आहेत का?"

"पुढच्या आइतवारी मी परत बसणार."

"बसायचंच वहिनी!" विद्याधर पाण्यातून ओरडला. "तुम्ही तर जन्माच्या खलाशी निघालात!"

आता होडी वर काढायची होती. उतारावर गाडा पाचरीच्या आधारानं उभा होता. दोर ओढून होडी त्याच्यावर घ्यायची, मग गाडा उसन्या आणलेल्या जीपला जोडायचा, आणि ते झाल्यावरच पाचर उडवायची. घण घेऊन चाकापाशी उभा होता तलावाचा राखणदार मुनियप्पा. त्याला कन्नडखेरीज दुसरी भाषा येत नसे. मी सांगेन तेव्हाच हाणायचं, असं आप्पाजीनं त्याला बजावून ठेवलं होतं.

होडी अर्ध्यावर आली आणि डोलकाठीच्या भारानं एका अंगाला कलली. मागं पाण्यात उभ्या विद्याधरचा धीर सुटला.

"होडी! अहो होडी! होडी, होडी!"

मुनियप्पानं घण उचलला. पण शहाणा माणूस. तो थांबला, आणि त्यानं आप्पाजीकडे पाहिलं.

"होडीला, अण्णा?" मारू का, असं तो विचारत होता.

बेडा. नको. एवढा एकच शब्द. तो आप्पाजीच्या जिभेवर आला. होडीच्या पलीकडे तानूबाई लुगड्याचा भिजलेला काठ पिळत उभी होती. तिनं मान वर केली आणि आप्पाजीकडे पाहिलं, सबंध सकाळीत पहिल्यांदा. आप्पाजीनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

घण पडला. पाचर उडाली, गाडा मागं धावला आणि होडी त्याच्यावरून घसरून दगडी पायरीवर आदळली. करवंटी फुटावी तसा आवाज झाला. विद्याधर वेळेवर बाजूला झाला म्हणून बचावला.

मग विद्याधर फुटलेल्या फळीवरून हात फिरवत हसू लागला. डोळ्यांत पाणी होतं, तरी हसत होता.

"आप्पाजी, तुम्ही बजावलं होतंत हो! पण घाबरल्यावर माणूस आपल्याच भाषेत ओरडतो." मग त्यानं पाण्यात अर्ध्या बुडालेल्या गाड्याकडे पाहिलं. "गाडा मात्र पाहा. ओरखडा नाही. काय काम केलंय तुम्ही!"

इतक्या दिवसांत गाड्याबद्दल कुणी काढलेला हा पहिला चांगला शब्द. आप्पाजीला तो गिळता येईना.

मुनियप्पा घण खाली टाकून आप्पाजीकडे हात करत होता. "ना केळिदे," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. "अण्णन्न केळिदे."

मी विचारलं होतं. अण्णाला विचारलं होतं.

"काय म्हणतोय तो?" नयनानं विचारलं. "आप्पाजी?"

आप्पाजी वाकून दोर गुंडाळू लागला.

"चुकलं म्हणतोय बिचारा," तानूबाई म्हणाली.

"पण आप्पाजी तर इथंच होते ना त्याच्याजवळ?"

"यांची पाठ होती तिकडं. दोर बघत होते." ती हे इतक्या सहज म्हणाली की नयनानं मान डोलावली. "हो की नाही हो?"

"हो," आप्पाजी म्हणाला.

होडी पुन्हा गाड्यावर चढली, जीप निघून गेली. तानूबाईनं डबा उघडून उरलेल्या दोन्ही पोळ्या मुनियप्पाच्या हातावर ठेवल्या. "तप्पु तिळकोबेडा," ती त्याला हळूच म्हणाली. मनावर घेऊ नकोस. मुनियप्पानं एकदा तिच्याकडे, एकदा आप्पाजीकडे पाहिलं आणि पोळ्या घेतल्या.

बसच्या थांब्यापर्यंत ती दोन पावलं पुढंच चालत राहिली. लुगड्याचा काठ वाळत आला होता. थांब्यावर आप्पाजीनं तिच्या हातातली पिशवी घेतली. तिनं घेऊ दिली.

"फळी मी बसवून देतो त्यांना," तो म्हणाला. "चार दिवसांत होईल. पुढच्या आइतवारी बसायचंय ना तुला बोटीत?"

"बेडा," ती म्हणाली, आणि बस येते का ते बघत राहिली.